खोळ घेतलेले चौघे

"काढा ते," मनोहरपंत खारकर म्हणाले. "आत्ता. माझ्यादेखत."

मनोहरपंत आमच्या संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. पेशानं वकील, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू बघण्याची त्यांना सवय होती. फक्त शेवटी दोन्ही बाजू त्यांच्याच निघायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी चित्राची एकच बाजू बघितली आणि त्याच्याकडे पाठ केली.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. बडोद्याहून कलेच्या इतिहासाची पदवी घेऊन खांडवलीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात सहायक अभिरक्षक म्हणून लागले होते. अभिरक्षक म्हणजे वस्तू सांभाळणारा. माझे वरिष्ठ गोवंडे सर स्वतःची खुर्ची सांभाळत, त्यामुळे वस्तू माझ्याकडे आल्या होत्या. वस्तू म्हणजे खांडवली संस्थानच्या शेवटच्या राजेसाहेबांनी विलायतेहून आणलेला माल. राजेसाहेब जातील तिथून दुकानदारांनी आशा सोडलेल्या गोष्टी विकत घेऊन येत. बंद घड्याळं, कान तुटलेले पुतळे, एक पेंढा भरलेलं अस्वल. या सगळ्यात एका ट्रंकेच्या तळाशी मला ते चित्र सापडलं.

वहीच्या पानाएवढा कागद, तपकिरी शाईची रेघ. तीनेकशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं, बहुधा इटलीकडचं. सही नाही. एका कमानीच्या दारात चार माणसं उभी. पायघोळ झगे, डोक्यावरून पुढे ओढलेल्या टोप्या, टोपीच्या आत चेहऱ्याच्या जागी फक्त काळं. मी चित्रं बघून पोट भरते, पण याच्याकडे बघताना मी खोलीचं दार उघडं ठेवत असे. कुणाच्या हातात सुरी नव्हती, काठी नव्हती. पुढच्या माणसानं आपला हात फक्त पुढे केला होता, तळवा वर. 'ये' म्हणतात ना, तसा. अगदी मायेनं.

ज्यानं ते काढलं त्याला चांगलंच ठाऊक होतं की भीती कशाची वाटते.

मी ते नव्या दालनात, दरवाजासमोरच्या भिंतीवर टांगलं. विश्वस्त मंडळ पाहणीला आलं आणि मंडळानं कलासमीक्षा केली. कापडवाल्या शेठजींना त्यांत दरोडेखोर दिसले. निवृत्त मामलेदारांना महारोगी दिसले. गोवंडे सरांना आधी दरोडेखोर आणि नंतर महारोगी दिसले, कारण मामलेदार नंतर बोलले होते.

मनोहरपंतांनी चौथ्या आकृतीवर बोट ठेवलं. ती सगळ्यांत मागे होती. तिचा झगा तिला मोठा होत होता, खाली लोळत होता.

"हा... किती वयाचा असेल?"

"सांगता येत नाही, साहेब. बाकीच्यांपेक्षा लहान असावा."

त्यावर ते म्हणाले, "काढा ते."

कारणं त्यांनी मागाहून दिली. शाळेची मुलं घाबरतील. कलेक्टर येणार आहेत, त्यांना काय वाटेल. आणि मुख्य म्हणजे, "आमच्या आत्याला रक्तदाब आहे. तिला असलं काही दाखवायचं नाही."

आत्या म्हणजे मथुराबाई खारकर. त्यांच्याशिवाय आमचा समारंभ होणार नव्हता. नवं दालन त्यांच्या वडिलांच्या नावानं उघडायचं होतं. दिवाण रघुनाथराव खारकर. त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली होती. खांडवलीत कुठल्याही चौकात उभं राहिलं तरी दिवाणसाहेबांच्या उपकारांवरच आपण उभे आहोत असं गाव सांगायचं. त्यांचं सगळ्यांत मोठं पुण्यकर्म म्हणजे मुलींची शाळा. थोरली मुलगी द्वारका लहानपणी विधवा झाली, पुढे पटकीनं गेली. दुःखी पित्यानं वर्षाच्या आत तिच्या नावानं शाळा काढली. धाकटी मुलगी मथुरा त्याच शाळेत शिकली, लग्न न करता तिथेच शिकवत राहिली आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. वडिलांबद्दल दोन शब्द त्याच बोलणार होत्या.

चित्राच्या जागी काय लावायचं हेही ठरलं होतं. मनोहरपंतांच्या पत्नी इंदुमतीबाई स्वतः केलेलं भरतकाम घेऊन आल्या. तळ्यातले दोन हंस. माना इतक्या लांब की जिराफ म्हणूनही खपले असते. इंदुमतीबाई नवऱ्याच्या मागे दोन पावलं चालायच्या आणि बोलायच्या त्याहूनही मागून. हंसांची चौकट छातीशी धरून त्या चित्रापुढे थांबल्या.

"यात पाऊस आहे का हो?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. भिजल्यासारखे वाटले."

मी मनात हसले. तेव्हा मला वाटायचं की ज्यांना माना नीट भरता येत नाहीत त्यांना चित्रातलं काय कळणार.

चित्र मी भिंतीवरून काढलं, पण ट्रंकेत परत घालायला जीव होईना. त्याच दालनाच्या दारामागे एक खिळा होता, तिथे अडकवलं. दार उघडं असलं की चित्र झाकलं जायचं, आणि समारंभात दार उघडंच राहणार होतं.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी मथुराबाई एकट्याच आल्या. बहात्तरीच्या, काठी न घेता चालणाऱ्या, पांढऱ्या नऊवारीतल्या. "माझ्या बापाची खोली बघायला आले," म्हणाल्या. मी त्यांना दिवाणसाहेबांचा फेटा दाखवला, दौत दाखवली, चष्मा दाखवला. त्यांनी सगळ्याकडे तपासायला आलेल्या वह्यांकडे बघावं तसं बघितलं.

"आणि हे हंस की बगळे?"

"हंस. इंदुमतीबाईंनी केलेत."

"तिला चिवडा छान जमतो," बाई म्हणाल्या.

वाऱ्यानं दार लोटलं गेलं. मी धावले, पण बाईंनी ते बघितलं होतं.

त्या जवळ गेल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "मुली, खुर्ची आण."

मी खुर्ची आणली. माझ्या डोळ्यांपुढे रक्तदाब, डॉक्टर, माझी नोकरी असं सगळं ओळीनं उभं राहिलं. "बाई, पाणी देऊ? हे काढायला सांगितलं होतं मला. अध्यक्षसाहेब म्हणाले की..."

"अध्यक्षाची लंगोटं मी वाळत घातलीत. गप्प बस जरा."

बराच वेळ त्या बघत होत्या. मग विचारलं, "कुठलं हे?"

"इटलीचं असावं. तीनशे वर्षांपूर्वीचं."

"म्हणजे तिकडेही होतं म्हणायचं."

"काय होतं?"

"आमच्याकडे घोंगडीची खोळ घेतात. पावसात. डोक्यावरून अशी पुढे ओढली की तोंड दिसत नाही." मग मागच्या लहान आकृतीकडे बोट केलं. "हा कोण?"

"माहीत नाही, बाई."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "हंस काढ आणि हे समोर लाव. मनोहरनं विचारलं तर माझं नाव सांग."

मनोहरपंत विचारायला आलेच नाहीत. ते मंडपाच्या झालरी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आलं. कलेक्टर मद्रासकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांचं मराठी 'नमस्कार' आणि 'बसा' यांच्या मधोमध होतं. मनोहरपंतांनी प्रास्ताविकात आजोबांची तुलना आधी सूर्याशी, मग वटवृक्षाशी केली. सूर्याखाली वटवृक्ष वाढतो म्हणून दोन्ही चालून गेलं. मग मथुराबाई माईकपाशी गेल्या. पुढच्या रांगांतल्या बायका आपोआप ताठ बसल्या. निम्म्याजणी त्यांच्या विद्यार्थिनी होत्या.

"माझे वडील फार सभ्य होते," बाई म्हणाल्या. "त्यांनी घरात कधी आवाज चढवला नाही. कुणावर हात उगारला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्हाला वाटतं असली कामं राक्षस करतात."

गोवंडे सरांनी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले.

"द्वारकाताईला पटकी झाली नव्हती. ती विधवा होती आणि तिला दिवस गेले होते. अठरा वर्षांची होती. मी नऊ. श्रावणातली दुपार होती, पावसानं अंधारून आलं होतं. मागच्या दाराशी चौघे येऊन उभे राहिले, घोंगडीच्या खोळी घेऊन. तोंडं दिसत नव्हती. पुढचा हात बापूंचा होता, तो मी अंगठीवरून ओळखला. दोन काका आवाजावरून ओळखले. चौथा बोललाच नाही. बापू हात पुढे करून म्हणाले, 'द्वारके, ये बाळा. मामाकडे जाऊन येऊ.' ती गेली. चौघांच्या डोक्यावर घोंगडी होती आणि ती उघडी. एवढ्या पावसात. मला वाटलं, विसरले असतील. मोठी झाल्यावर कळलं, विसरले नव्हते. जिला परत आणायचं नाही, ती भिजली काय आणि न भिजली काय."

बाईंनी माईक जरा खाली ओढला.

"वर्षाच्या आत तिच्या नावानं शाळा निघाली. मी त्या शाळेत शिकले. तीच चालवली. रोज सकाळी तिच्या तसबिरीला हार घातला आणि बापूंच्याही. बोलले असते तर शाळा बंद पडली असती, आणि या गावात पोरींना घराबाहेर पडायला ती एकच जागा होती. म्हणून गप्प बसले. बरोबर केलं का, मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर मला सांगा. आत त्या चौघांचं चित्र लावलंय. बघून जा."

त्या खाली बसल्या. एक क्षण असा गेला की त्यात काहीही होऊ शकलं असतं. मग कलेक्टरसाहेबांनी, भाषण संपलेलं दिसल्यावर, मनापासून टाळ्या वाजवल्या. कलेक्टर वाजवतात म्हटल्यावर मामलेदारांनी वाजवल्या, शेठजींनी वाजवल्या, सगळ्या मंडपानं वाजवल्या. गोवंडे सरांनी 'बाईंच्या ओघवत्या आणि हृद्य मनोगताबद्दल' आभार मानले. पेढे वाटले गेले. खांडवलीनं खुनाची हकिगत ऐकली आणि तोंड गोड करून घरी गेली.

पुढच्या रांगांतल्या बायका मात्र पेढे न घेता उठल्या. एकेक करून दालनात गेल्या. बाहेर येताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावात ठरून गेलं: बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. वय झालं, एकटं राहणं, आणि त्यातून ते घाणेरडं परदेशी चित्र. चित्र रातोरात, म्हणजे गोवंडे सरांच्या भाषेत 'तातडीनं', दुरुस्तीसाठी पुण्याला गेलं. ते अजून दुरुस्तच होतंय. माझी नोकरीही त्याच आठवड्यात गेली. कारण असं दिलं की मी जुने कागद हाताळताना पुरेशी काळजी घेत नाही.

पण त्याआधी एक सकाळ गेली.

मनोहरपंतांनी मला बाईंच्या घरी बोलावलं. शाळेमागचं दोन खोल्यांचं घर. मी पोचले तेव्हा ते दारात उभे होते, सोबत डॉक्टर पळनिटकर. बाहेर मोटार, मोटारीत बाईंची कपड्यांची पेटी. ती इंदुमतीबाईंकडून आधीच भरून घेतली होती. ना पाऊस, ना घोंगड्या. दोघेही इस्त्रीच्या सफारीत, दाढी केलेले, अतिशय काळजीत.

"आत्या," मनोहरपंत म्हणाले, "पुण्याला चांगलं हॉस्पिटल आहे. बाग आहे. थोडे दिवस विश्रांती घे. डॉक्टर कागद करून देतायत." आणि त्यांनी हात पुढे केला. "ये. मी आहे ना बरोबर."

बाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी त्या हाताकडे बघितलं. मी त्यांना तोवर घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी खाटेची कड घट्ट धरली.

"डॉक्टर," मनोहरपंत माझ्याकडे वळले, "या शेडगेबाई. त्यांनी प्रत्यक्ष बघितलंय. परवा आत्या त्या चित्राशी बोलत होती. हो ना, शेडगेबाई? सांगा."

त्यांचा आवाज मऊ होता. त्यात माझी नोकरी होती, पुढच्या नोकरीचं शिफारसपत्र होतं, सगळं होतं. एक 'हो' म्हणायचं होतं. मी म्हणाले, "नाही साहेब. त्या माझ्याशी बोलत होत्या. आणि कालच्याइतकं सरळ भाषण मी या गावात ऐकलेलं नाही."

"तुम्ही बाहेर थांबा."

"थांबते. पण डॉक्टरांनी विचारलं तर परत हेच सांगेन."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. मग परत काढलं. त्यांची आई बाईंच्या शाळेतली, आणि त्यांचा दवाखाना मनोहरपंतांच्या जागेत. बिचाऱ्यांच्या पेनाचे फार हाल चालले होते. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "या वयात जुन्या आठवणींमध्ये कल्पना मिसळते. पुरावा असा काही नसतो..."

"आहे," कुणीतरी म्हणालं.

इंदुमतीबाई मोटारीतून उतरून अंगणात आल्या होत्या. बाईंची पेटी त्यांच्या हातात होती. जड असावी, एका अंगावर कलल्या होत्या. त्या नवऱ्याला ओलांडून आत आल्या आणि पेटी खाटेशेजारी ठेवली.

"इंदू, तू गाडीत बस."

"मामंजींचं शेवटचं दुखणं मी काढलं," त्या म्हणाल्या. बोलत होत्या डॉक्टरांशी, पण बघत होत्या बाईंकडे. "चार महिने. शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. दिवसभर एकच म्हणायचे. 'तिला घोंगडी द्या रे. ती भिजतेय. माझी द्या.' मी म्हणायची, मामंजी, कोण भिजतंय? तर म्हणायचे, 'द्वारकाताई.'"

मामंजी म्हणजे मनोहरपंतांचे वडील गोपाळराव. दिवाणसाहेबांचा मुलगा. मथुराबाईंचा सख्खा भाऊ.

"दादा?" मथुराबाई म्हणाल्या.

"ते पंधरा वर्षांचे होते, आत्याबाई. दिवाणसाहेबांनी बरोबर घेतलं. घोंगडी काकांची होती, त्यांना मोठी होत होती. पाय अडकून ते वाटेत पडले, तर द्वारकाताईंनीच हात देऊन उठवलं. हे सगळं सांगितलं त्यांनी मला. एकदा नाही, रोज."

"त्या दिवशी तो पुण्याला होता," मथुराबाई म्हणाल्या. "मला तसंच सांगितलं होतं. मला शिकवायचं म्हणून बापूंशी भांडला होता तो. मी गावातल्या एकेका म्हाताऱ्याकडे बघत आले, की हा असेल का, तो असेल का. आणि रोज संध्याकाळी दादाकडे चहाला जात होते."

मनोहरपंतांचा हात अजून थोडा पुढेच राहिला होता. त्याचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. "वात झाला होता त्यांना," ते म्हणाले. "वातात माणूस काहीही बरळतो. तू ते... तू काय ऐकलंस, आणि आता..."

"मी ऐकलं ते तुम्हीही ऐकलंत," इंदुमतीबाई म्हणाल्या. आवाज तसाच हळू होता. "तुम्हीच उठून खोलीचं दार लावून घेतलं होतंत. मला म्हणालात, हे बाहेर गेलं तर शाळा, नाव, सगळं जाईल. मी नाही बाहेर नेलं. सात वर्षं झाली. पण आज तुम्ही मला या बाईंची पेटी भरायला लावलीत."

डॉक्टर पळनिटकरांनी पेन खिशात ठेवलं. दवाखान्यात पेशंट खोळंबलेत असं काहीतरी म्हणाले आणि मोटारीची वाट न बघता चालत गेले. माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यात केलेलं हे सर्वांत धाडसी काम.

मी पाणी आणलं. मथुराबाईंनी ते घेतलं नाही. त्या इंदुमतीबाईंकडे बघत होत्या, आणि बघता बघता खाटेच्या कडेवरचे त्यांचे हात सैल झाले.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"काय, आत्याबाई?"

"त्यानं सांगितलं का, कुठे?"

"हो," इंदुमतीबाई म्हणाल्या. "भैरोबाच्या डोहापलीकडे चुन्याची जुनी भट्टी आहे, तिच्या मागे. पाण्यात नाही टाकलं. पुरलं. मामंजी वर्षातून एकदा तिकडे जायचे. घरी म्हणायचे, फिरून येतो. अंगात बळ होतं तोवर जात होते."

"तू बघितलीस जागा?"

"ते गेल्यावर एकदा जाऊन आले. कुणाला न सांगता."

मथुराबाई उठल्या. पदर नीट केला, कोपऱ्यातल्या चपला पायानं पुढे ओढल्या. एक चप्पल पायात जाईना, तेव्हा इंदुमतीबाईंनी खाली बसून ती नीट धरली.

"लांब आहे?"

"चालत अर्धा-पाऊण तास लागेल. गाडी आहे बाहेर."

"चालत जाऊ. तीही चालतच गेली होती."

मनोहरपंत दारातच उभे होते. दार लहान होतं. ते उभे असताना कुणाला बाहेर पडता येत नव्हतं. बाई त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या. इंदुमतीबाई सासऱ्यांच्या बहिणीचा दंड धरून उभ्या होत्या, आणि आज पहिल्यांदाच त्या नवऱ्याच्या मागे नव्हत्या.

मनोहरपंतांनी आपल्या बायकोकडे बघितलं. मग ते बाजूला झाले.